मधुमेही मांजराला झोपवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात सिंहगड रस्त्यावरच्या एका वाचकाचे पत्र वाचले. त्यांच्या म्हाताऱ्या बोक्याला मधुमेह झाला आहे, डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्सुलिन सांगितले आहे, आणि ‘त्या मुक्या जिवाला रोज सुया टोचून छळण्यापेक्षा शांतपणे कायमचे झोपवलेले बरे नाही का’ असे त्यांनी विचारले आहे. त्या पत्रात कंटाळा नाही की खर्चाची कुरकुर नाही. माया आहे आणि भीती आहे. म्हणून उत्तर लिहायला बसले. माझे उत्तर असे की, नाही, एवढ्यात नाही. आधी त्याची साखर घरी मोजायला शिका, आणि आकड्याशेजारी त्याचा दिवस कसा गेला तेही लिहीत जा. ही दोन्ही टिपणे काही महिने हाताशी असल्याशिवाय असा निर्णय घेऊ नका.

मी कर्वेनगरला राहते. दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले. आमच्या घरात दोन मधुमेही आहेत, एक माझे यजमान आणि दुसरा आमचा बोका भुऱ्या. यजमानांचा मधुमेह जुना असल्यामुळे पथ्य, गोळ्या, पट्ट्या, मीटर हे सगळे आम्हाला पाठ होते. त्यामुळे भुऱ्याचे निदान झाले तेव्हा सगळ्यांना वाटले की आता घरात एकच पथ्य दोघांना चालेल. शेजारच्या काकूंनी मायेने कारल्याचा रस सुचवला, कोणी जांभळाच्या बियांची पूड आणून दिली, एकाने तर ‘पेढे खायला घालत असाल’ असेही म्हटले. मांजराला गोडाची चवच कळत नाही. गोड ओळखणाऱ्या जिभेवरच्या रचनेचे एक जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे, हे शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले. त्याचा मधुमेह पेढ्यांनी आलेला नव्हता.

माणसाचा आणि मांजराचा मधुमेह कुठे वेगळा आहे, हे समजले की निम्मी भीती जाते. पहिला फरक अन्नाचा. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याचे यकृत पिष्टमय पदार्थांसाठी घडलेलेच नाही. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-पोळी, दूध-भात. पुण्यातल्या जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे. त्याच्या जोडीला आता पाकिटातले कोरडे दाणे आले. दाणा घडवायलाच पिठूळ घटक लागतो, त्यामुळे बहुतेक कोरड्या खाण्यात कर्बोदके बरीच असतात. त्यात नसबंदी झालेला, फ्लॅटमध्ये राहणारा, वय झालेला, जाडसर बोका असेल तर धोका आणखी वाढतो. खाजेसाठी किंवा हिरड्यांच्या सुजेसाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनीही काही मांजरांत मधुमेह उभा राहतो. त्या वाचकांनी आपल्या बोक्याची जुनी कागदपत्रे काढून हे एकदा जरूर तपासावे. कारण स्टिरॉइड बंद झाल्यावर काहींचा मधुमेह ओसरतो.

आमचे घर शाकाहारी. मांजराला मांस द्यावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला सासूबाईंची काळजी वाटली होती. त्यांचे वय नव्वदीच्या उंबरठ्यावर, सोवळ्याओवळ्यात आयुष्य गेलेले. त्या म्हणाल्या, ‘अगं, ज्याचं अन्न त्याला. देवानं त्याला वाघाचं तोंड दिलंय, त्याला काय वरणभात घालणार?’ त्या दिवसापासून गॅलरीत एक वेगळी शेगडी, एक पातेले आणि एक सुरी आली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण शाकाहारी घर असल्यामुळे ‘आम्हाला हे जमणार नाही’ म्हणणारी माणसे मला भेटतात. जमते. फक्त दोन गोष्टी पाळाव्या लागतात. कोंबडी नुसत्या पाण्यात उकडायची. कांदा, लसूण, मीठ घालायचे नाही, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आणि नुसत्या उकडलेल्या कोंबडीवर मांजर ठेवायचे नाही. तिच्यात कॅल्शियम पुरेसे नसते आणि उकडताना टॉरिन नावाचे पोषकद्रव्य पाण्यात उतरून जाते. टॉरिन कमी पडले की मांजराचे डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. म्हणून भुऱ्याचे मुख्य जेवण डब्यातले ओले, परिपूर्ण, कमी कर्बोदकांचे खाणे आहे, आणि कोंबडी हा त्याचा खाऊ.

इथे एक सावधगिरी. इन्सुलिन सुरू असताना एका दिवसात कोरडे खाणे बंद करून ओले सुरू करू नका. कर्बोदके कमी झाली की इन्सुलिनची गरज झपाट्याने खाली येते, आणि कालचा डोस आज जास्त होऊन बसतो. बदल हळूहळू, रोज मोजत आणि डॉक्टरांना सांगून करावा.

दुसरा फरक भीतीचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात कमी ठाऊक असलेला आहे. मांजर घाबरले की त्याची साखर चढते. थोडीथोडकी नाही, मधुमेह नसलेल्या मांजराची साखरही दवाखान्याच्या टेबलावर ३०० च्या वर जाऊ शकते. कर्वेनगरहून पिंजऱ्यात घालून, रिक्षातून, कर्वे रस्त्याच्या गर्दीतून नेलेला बोका, शेजारच्या बाकावर भुंकणारा कुत्रा, अनोळखी हात. अशा वेळी घेतलेल्या थेंबातून त्याचा आजार किती दिसणार आणि त्याची धडधड किती दिसणार? सुरुवातीला आम्ही ज्या दवाखान्यात जात होतो तिथे दर भेटीत एक आकडा घ्यायचे आणि त्यावरून डोस वाढवायचे. आकडा ३८० आला, अर्धा युनिट वाढवा. ३६० आला, आणखी अर्धा. घरी मात्र भुऱ्या दुपारी झोपेतून उठताना लडखडायला लागला. यजमानांची साखर उतरली की त्यांना कसे होते ते मी वर्षानुवर्षे पाहिलेले, त्यामुळे मला ती चाल ओळखू आली. लगेच त्याच्या हिरड्यांना मध चोळला, खायला दिले, आणि दुसऱ्या पशुवैद्यांकडे नेले.

या दुसऱ्या डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. फ्रुक्टोसमीन नावाची रक्ततपासणी केली. तिच्यात मागच्या साधारण दोन आठवड्यांची सरासरी दिसते, त्या क्षणाच्या भीतीने ती बदलत नाही. यजमानांची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी असते, तिची ही मांजराकडची बहीण म्हणा. आणि दुसरे म्हणजे, त्यांनी मला खुर्चीवर बसवून भुऱ्याच्या कानातून थेंब काढायला शिकवले. माझा हात थरथरत होता तोवर त्या थांबल्या. डोसाबद्दल एक शब्दही त्यांनी त्या दिवशी काढला नाही. ‘आधी घरचे आकडे आणा, मग बोलू,’ एवढेच.

तेव्हा सिंहगड रस्त्याच्या वाचकांसाठी, कानातून थेंब कसा काढायचा ते सविस्तर लिहिते. मांजराच्या कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते, उजेडासमोर कान धरला की दिसते. कापूस कोमट पाण्यात बुडवून, पिळून, कानाला थोडा वेळ धरायचा, म्हणजे शीर भरते. कडेला व्हॅसलिनचा अगदी पुसट थर लावला तर थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. कानाच्या आतून कापसाचा बोळा आधाराला धरायचा, नाहीतर सुई आरपार आपल्या बोटात जाते. मग शीर आणि कड यांच्या मधल्या पट्टीत टोचायचे. मीटरच्या पट्टीला थेंब लावायचा, कान क्षणभर दाबून धरायचा, आणि लगेच खाऊ द्यायचा. खाऊ चुकवायचा नाही, रक्त आले नाही तरीही द्यायचा. भुऱ्याला आता कोंबडीच्या डबीचे झाकण वाजले की कळते, आणि तो आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसतो. मांजर छळ ओळखते. ज्या जागी छळ होतो तिथे ते परत येत नाही, हे मांजर पाळणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

इन्सुलिनची सुई तर त्याहून सोपी. ती इतकी आखूड आणि बारीक असते की तो खात असताना कुशीची कातडी चिमटीत उचलून दिली तर बहुतेकदा त्याला पत्ताही लागत नाही. भुऱ्याला ग्लार्जिन नावाचे इन्सुलिन दिले जाते, बारा-बारा तासांनी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. आधी त्याने खाल्ले का ते बघायचे. खाल्ले नसेल, उलटी झाली असेल, तर नेहमीचा डोस डोळे झाकून द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन. आणि दिला की नाही अशी शंका आली, तर दुसऱ्यांदा कधीच द्यायचा नाही. एक वेळ चुकली तर साखर थोडी चढेल, दोनदा दिले तर जिवावर बेतेल. बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा आम्ही फ्रिजचे दारच उघडत नाही. बाटलीवर उघडल्यापासून २८ दिवस लिहिलेले असते, पुढे वापरायचे का ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र छापले जावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, तिच्याकडे येते. आपल्या देशात मेडिकलच्या दुकानात इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरिंज मिळतात. लाल टोपणाची यू-४०, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीची, आणि केशरी टोपणाची यू-१००, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. माणसांना बाटलीतून देतात ती पुष्कळ इन्सुलिने एका मिलीत ४० युनिटची असतात, त्यामुळे दुकानदाराचा हात सवयीने लाल टोपणाकडे जातो. मांजराला देतात ते ग्लार्जिन मात्र बहुधा एका मिलीत १०० युनिटचे असते. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने एका रेघेपर्यंत औषध ओढले, तर आत एक युनिट जात नाही, अडीच जातात. ऐंशी किलोच्या माणसालाही अडीचपट डोस धोक्याचाच, मग पाच किलोच्या मांजराचे काय? उलट झाले, म्हणजे ४० ची बाटली आणि केशरी टोपण, तर ठरलेल्या डोसापैकी चाळीस टक्केच पोहोचतो, आणि ‘इन्सुलिन लागू पडत नाही’ असे म्हणत डोस वाढत राहतो.

मला एका दुकानात लालच पुडके पुढे केले होते. मी बाटली दाखवून केशरी मागितली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ‘सगळ्या सारख्याच असतात काकू’ असे सांगितले. तो उर्मट नव्हता, त्याला कोणी शिकवलेच नव्हते. म्हणून माझी पुण्यातल्या सर्व पशुवैद्यांना हात जोडून विनंती आहे की चिठ्ठीवर इन्सुलिनचे नाव लिहिता तेव्हा त्याच ओळीत सिरिंज कोणती आणि टोपण कोणत्या रंगाचे तेही लिहा. शक्य तर तीस युनिटची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली लिहा, कारण मांजराचा डोस बहुधा एक, दीड, दोन एवढाच असतो. मोठ्या सिरिंजवर अर्धा युनिट चष्मा लावूनही दिसत नाही. आणि औषधविक्रेत्यांनी इन्सुलिन देताना बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून एकदा वाचावे. यात माणसांचाही जीव वाचेल. राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय आपल्या पुण्यातच, औंधला आहे. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मराठीत एक पानाची सूचना तयार करून दवाखान्यांना वाटणे त्यांना अवघड जाऊ नये.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन टिपणांच्या वहीबद्दल. डाव्या पानावर मी आकडे लिहिते, उजव्या पानावर त्याचा दिवस. आधी डाव्या पानाचे सांगते. महिन्यातून एकदा दर दोन तासांनी, सकाळच्या सुईपासून संध्याकाळच्या सुईपर्यंत मोजायचे. गेल्या वेळचे आकडे असे होते. सकाळी सातला २८०, नऊला २२५, अकराला १६०, दुपारी एकला १२५, तीनला १४०, पाचला २००, सातला २६०. यजमानांनी हे पाहिले आणि २८० म्हणजे फारच असे ते म्हणाले. त्यांच्या हिशेबाने फारच. पण मांजराच्या मूत्रपिंडातून साखर लघवीत उतरू लागते ती साधारण २५० ते २९० च्या पुढे. दिवसाचा बराच वेळ त्या रेषेखाली गेला तर त्याची तहान आटोक्यात राहते, अंगावर मांस धरते, आणि तो बरा असतो. दिवसभर ८० ते ३०० च्या मध्ये राहिला तरी डॉक्टर समाधानी असतात. सातच्या २८० कडे बघून कोणी डोस वाढवला असता, तर एक वाजताचे १२५ कुठे गेले असते? सगळ्यात खालचा आकडा बघून डोस ठरतो, आणि तो दवाखान्यात कधीच सापडत नाही.

६० च्या खाली गेला, किंवा आकडा न बघताही तो झोकांड्या द्यायला लागला, नजर हरवली, झटका आला, तर मोजत बसायचे नाही. मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळायचा, शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही ओतायचे नाही, आणि दवाखाना गाठायचा. मधाची छोटी बाटली आमच्या फ्रिजवर कायम असते.

माणसाच्या मीटरवर मांजराचे रक्त तपासले तर आकडा खऱ्यापेक्षा काहीसा कमी दिसतो, कारण साखर रक्तातल्या पेशींत आणि द्रवात वाटली जाते ती मांजरात वेगळ्या प्रमाणात. प्राण्यांसाठीचे वेगळे मीटर असतात. पण ते परवडत नाही म्हणून मोजायचेच नाही, असे करू नये. आम्ही यजमानांसारखेच साधे मीटर त्याच्यासाठी वेगळे ठेवले आहे, कायम तेच एक वापरतो, आणि डॉक्टरांना ते कोणते हे ठाऊक आहे. माणसांच्या दंडावर चौदा दिवसांसाठी लावतात तो सेन्सरही मांजराला लावता येतो. काही मांजरे तो ओरबाडून काढतात, भुऱ्याने पहिल्याच आठवड्यात काढला.

उजवे पान मला अधिक मोलाचे वाटते. त्यात लिहिलेले असते: आज किती पाणी प्यायला. ट्रेमधल्या वाळूचे ओले गोळे केवढे होते. अंग चाटून स्वच्छ केले का. कट्ट्यावर उडी मारली, की खुर्चीवर चढून मग कट्ट्यावर गेला. मासेवाल्या बाईंची हाक आली तेव्हा दारापर्यंत धावला का. सासूबाईंच्या पायाशी झोपला, की पलंगाखाली एकटा. मागचे पाय कसे पडताहेत. निदान झाले तेव्हा त्याची पाठ हाताला लागत होती, भरपूर खाऊनही, आणि तो मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालत होता. बघताना पोटात तुटायचे. साखर फार दिवस चढलेली राहिली की मांजराच्या पायांच्या नसा अशा दुबळ्या होतात. साखर ताब्यात आली की ती चाल सुधारते, पण आठवड्यांनी नाही, महिन्यांनी. उजव्या पानावर ‘टाचा’, ‘टाचा’, ‘थोड्या वर’, ‘उजवा बरा’ असे लिहीत लिहीत एके दिवशी ‘खिडकीत थेट उडी’ असे लिहिता आले. त्या दिवशी डाव्या पानावर २४० होते. नुसता आकडा बघणाऱ्याला तो दिवस वाईट वाटला असता.

दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचली की आणखीही काही कळते. आमच्या घरापासून नदीपात्र लांब नाही. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना म्हात्रे पूल आणि राजाराम पुलाच्या बाजूला ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, आणि भुऱ्या तेव्हा कपाटावर जाऊन बसतो. त्या संध्याकाळचे आकडे ३०० च्या वर असतात. दिवाळीत फटाक्यांच्या रात्रीही तसेच. शेजारी भीती लिहिलेली असते म्हणून आम्ही डोसाला हात लावत नाही. गणपती गेले की आकडे उतरतात. उलट एकदा आकडे चढले तेव्हा बाहेर काहीच आवाज नव्हता. उजव्या पानावर मात्र ‘एका बाजूने चावतो’ असे लिहिलेले होते. दातांत पू झाला होता. शरीरात कुठेही संसर्ग असला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही. दात काढला आणि साखर खाली आली. डोस वाढतच राहतो आणि साखर हटत नाही अशी मांजरेही असतात. त्यांच्यात काही वेळा मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीच्या लहानशा गाठीमुळे वाढीचे संप्रेरक जास्त स्रवत असते. तशी शंका आली तर डॉक्टरांकडे तो विषय आपण काढावा.

काही मांजरांचे इन्सुलिन पूर्ण सुटते. निदानानंतर लवकर इन्सुलिन सुरू झाले, खाणे बदलले, साखर घरी मोजून काटेकोर राखली, तर पहिल्या काही महिन्यांत ही शक्यता चांगली असते. म्हणूनच ‘आधी थोडे दिवस गोळ्या, रस, पूड करून बघू’ यात वेळ घालवू नये. भुऱ्याचे इन्सुलिन सुटले नाही. तो दीड युनिटवर स्थिरावला आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. यजमानांच्या गोळ्याही सुटलेल्या नाहीत, आणि ते रोज तळजाईला फिरायला जातात.

मी असे म्हणत नाही की झोपवण्याचा निर्णय कधीच घ्यायचा नसतो. तोंडाला गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास, सततच्या उलट्या, निपचित पडणे, ही रक्तात आम्ले साठल्याची खूण असते. ती तातडीची वेळ. त्यातून बरीच मांजरे वाचतात, सगळी वाचत नाहीत. मधुमेहाबरोबर मूत्रपिंडेही गेली असतील, स्वादुपिंड पुन्हा पुन्हा सुजत असेल, खाण्यापिण्याची वासना उडाली असेल, आणि उजव्या पानावर आठवड्यामागून आठवडे एकही चांगली ओळ लिहिता येत नसेल, तर त्याला वेदनेतून सोडवणे हीही मायाच. अशा माणसांना कोणी बोल लावू नये. पण सुई रोज टोचावी लागते, एवढे एक कारण त्यासाठी पुरेसे नाही.

घरच्या माणसांच्या आयुष्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून थोडे लिहिते. सात आणि सात या वेळांना बांधून घ्यावे लागते. लग्नाकार्याला सांगलीला जायचे तर मांजराला कोणाकडे ठेवायचे? मांजरे सांभाळणाऱ्या ठिकाणी इन्सुलिनचे नाव काढले की बहुतेक जण नाही म्हणतात. आमच्या खालच्या मजल्यावर कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे, तिला मी सुई द्यायला शिकवले. आधी मिठाचे पाणी भरून संत्र्यावर, मग माझ्या डोळ्यांदेखत भुऱ्याला. आता आम्ही दोन-तीन दिवस निर्धास्त जाऊ शकतो, आणि तिच्या फोनवरून मला आकडे येतात. पुण्यात रस्त्यावरच्या मांजरांना खायला घालणारी, नसबंदीसाठी धावपळ करणारी तरुण मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींनी ही सुई शिकून घेतली, आणि एखाद्या दवाखान्याने रविवारी तासभर शिकवायची तयारी दाखवली, तर एकट्या राहणाऱ्या किती तरी वृद्धांची मांजरे त्यांच्याजवळच राहतील. माझ्या ओळखीत एका आजींनी केवळ हात थरथरतो म्हणून आपली मांजर झोपवली. तिला दुसरा काही आजार नव्हता. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

सिंहगड रस्त्याच्या वाचकांना आपल्यामार्फत कळवते की माझा पत्ता आणि फोन नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे. त्यांनी कधीही फोन करावा. सकाळी सातच्या थोडे आधी घरी आले तर कानातून थेंब काढणे आणि सुई देणे दोन्ही प्रत्यक्ष बघता येईल. त्यांच्या बोक्याला आणू नये, त्याला प्रवास नको. येताना त्यांनी आपली इन्सुलिनची बाटली आणि सिरिंजचे पुडके मात्र बरोबर आणावे, म्हणजे टोपणाचा रंग तेवढा बघून घेता येईल.

आपली,
एक नियमित वाचक
कर्वेनगर, पुणे